पूर्णविरामाएवढा दहा

मित्रांनो, या वाक्याच्या शेवटी जो पूर्णविराम आहे ना, त्याच्याकडे जरा नीट बघा. केवढासा ठिपका! आता हे पान भिंतीला टेकवून ठेवा आणि मागे मागे चालत जा. गिरगावात किंवा लालबागला चाळीत राहत असाल, तर गॅलरीत तीन खोल्यांची दारं ओलांडून उभे राहा. झालं साधारण दहा मीटर अंतर. दिसतोय ठिपका? नाही ना?

एअर रायफलच्या स्पर्धेत याच अंतरावरून नेम धरायचा असतो. दहा गुणांचा मधला ठिपका असतो फक्त अर्ध्या मिलिमीटरचा! नेमबाजाला तो दिसतच नाही. त्याला दिसतो तो भोवतालचा काळा गोल, आणि तो असतो आपल्या कॅरमच्या सोंगटीएवढा. त्याच्या बरोबर मधोमध छर्रा गेला, तर दहा. जरा हात हलला, की नऊ, नाहीतर आठ.

खेळ म्हटलं की आपल्याला धावणं, उड्या मारणं, षट्कार ठोकणं आठवतं. पण काही खेळ नुसत्या नेमाचे आणि शांत डोक्याचे असतात. आपल्या गोट्या घ्या, कॅरम घ्या. थंड देशांत कर्लिंग नावाचा खेळ आहे, तो तर कॅरमचा मोठा भाऊच शोभेल! जवळजवळ वीस किलोचा दगड बर्फावरून सरकवत न्यायचा आणि लांबवरच्या वर्तुळात अचूक थांबवायचा. डेन्मार्क हा अगदी सपाट देश, तिथली सर्वांत उंच जागा जेमतेम १७१ मीटर. पण १९९८ साली जपानमधल्या नागानोला तिथल्या महिलांनी याच खेळात रौप्यपदक मिळवलं. हिवाळी ऑलिंपिकमधलं डेन्मार्कचं ते पहिलंच पदक!

आपल्या मुंबईतही अशीच एक नेमाची राणी झाली. तिचं नाव अंजली वेदपाठक, लग्नानंतरची अंजली भागवत. जन्म ५ डिसेंबर १९६९. दादरच्या कीर्ती महाविद्यालयात शिकताना ती एन.सी.सी.मध्ये गेली आणि तिथून तिला रायफलची गोडी लागली. म्हणजे बघा, बाकीचे खेळाडू सातव्या-आठव्या वर्षी सुरुवात करतात, आणि अंजलीताईनं रायफल धरली ती कॉलेजात गेल्यावर!

नेमबाजीचं रीतसर शिक्षण तिला दिलं संजय चक्रवर्ती सरांनी. आता तुम्ही म्हणाल, उभं राहून चाप ओढायचा, त्यात शिकायचं काय? सांगतो. एअर रायफलचं वजन साडेपाच किलोपर्यंत असतं. अंगात जाड कॅनव्हासचं आणि चामड्याचं ताठ जाकीट. महिलांना तेव्हा चाळीस नेम मारायचे असत आणि त्यासाठी सव्वा तास मिळे. (२०१८ पासून मुलगे-मुली दोघांनाही साठ नेम असतात.) तेवढा वेळ पुतळ्यासारखं उभं राहायचं. श्वास घेतला की रायफल हलते, म्हणून श्वास थोपवायचा. छाती धडधडली तरी नळी किंचित हलते, म्हणून दोन ठोक्यांच्या मधल्या निवांत क्षणी चाप ओढायचा. आणि एक नेम चुकला, तर चुटपुट न लावून घेता पुढचा नेम धरायचा. हे शेवटचं सगळ्यांत कठीण!

सन २००० मध्ये अंजलीताई सिडनी ऑलिंपिकला गेली, तीही वाइल्ड कार्डवर, म्हणजे खास प्रवेश मिळाला म्हणून. आणि तिथे तिनं थेट अंतिम फेरी गाठली! तिचा आठवा क्रमांक आला. त्याच वर्षी तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. मग २००२ साली मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत चार सुवर्णपदकं. त्याच वर्षी जर्मनीत म्युनिचला पुरुष आणि महिला एकत्र खेळले, त्या लढतीत ती 'चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स' ठरली. २००३ मध्ये इटलीत मिलानला विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेत सुवर्ण. जगात पहिला क्रमांक, वर खेलरत्न पुरस्कार!

आता सगळ्यांना वाटलं, २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पदक नक्की. पण तिथे काय झालं? एअर रायफलमध्ये तिला अंतिम फेरीसुद्धा गाठता आली नाही. पुढे २००८ मध्ये ती बीजिंगलाही गेली, म्हणजे एकूण तीन ऑलिंपिक. पदक मात्र नाही.

तुमच्यापैकी कुणीतरी विचारेलच, "मग एवढं सगळं करून मिळालं काय?"

याचं उत्तर शोधायला थोडं आजूबाजूला बघावं लागतं. अथेन्सला अंजलीताईबरोबर सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे या दोघीही होत्या. तिघी चक्रवर्ती सरांच्याच विद्यार्थिनी. सुमानं तिथे एअर रायफलची अंतिम फेरी गाठली. दीपालीताई पुढे प्रशिक्षक झाली. तिच्या हाताखाली कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा एक मुलगा तयार झाला, स्वप्नील कुसाळे. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यानं ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझपदक जिंकलं. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत ब्राँझ मिळवलं होतं, त्यानंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं हे वैयक्तिक पदक!

आपल्याकडे मुलीही रायफलमध्ये जगाच्या पुढे जाऊ शकतात, हे आधी कुणीतरी करून दाखवावं लागतं. ते अंजलीताईनं दाखवलं. पदकं मिळाली ती मागून आलेल्यांना, पण वाट आधीच पडलेली होती.

आणि आई-बाबांनो, तुम्हालाही एक सांगायचंय. मुलगा कॉलेजात जाऊन एखादा नवाच खेळ घेऊन बसला, तर "आता उशीर झाला, अभ्यास कर" असं लगेच म्हणू नका. निदान एक वर्ष बघा तरी!

तर मित्रांनो, या रविवारी एक करा. फुलपात्र पाण्यानं काठोकाठ भरा, हात सरळ पुढे धरा आणि घड्याळ लावून एक मिनिट उभे राहा. पाणी सांडलं? सांडू दे. फडक्यानं पुसा, आणि पुन्हा भरा!