आधी सांभाळणे, मग शिकार

ब्रिटनच्या ग्रामीण भागात सशांच्या बंदोबस्तासाठी फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा पाळीव प्राणी शतकानुशतके वापरला जातो. बिळाच्या तोंडांवर जाळी लावून फेरेट आत सोडला की ससे बाहेर पळतात आणि जाळ्यात सापडतात. पद्धत सोपी दिसते, म्हणून नवशिके आधी फेरेट विकत घेतात आणि मग शिकू लागतात. हा क्रम उलटा हवा. शिकारीचा हंगाम मुख्यतः हिवाळ्याचा, पण प्राणी बारा महिने सांभाळायचा असतो. तो निव्वळ मांसाहारी आहे. डिस्टेंपर हा रोग त्याला जीवघेणा ठरतो. माजावर आलेली मादी तशीच राहिली, तर संप्रेरकांमुळे अस्थिमज्जा निकामी होऊन ती दगावू शकते. म्हणून पहिला हंगाम जाणत्या माणसाच्या हाताखाली काढावा आणि प्राणी नंतर घ्यावा.

पुस्तकातून हे शिकता येत नाही का, असे कोणी विचारेल. माहिती जरूर मिळते. पण फेरेट बिळातच अडून बसला, तर गळपट्ट्यातल्या ट्रान्समीटरच्या खुणेवरून नेमके कुठे खणायचे, हे प्रत्यक्ष कामातच कळते. हंगामभर थांबायला लावल्याने हौशी माणसे दुरावतील, हा आक्षेपही खरा आहे. तरीही निष्काळजीपणाची किंमत मोठी असते. न्यूझीलंडमध्ये एकोणिसाव्या शतकात सशांवर उपाय म्हणून सोडलेले फेरेट स्थानिक पक्ष्यांच्याच जिवावर उठले. 2002 पासून तिथे त्यांची विक्री आणि पैदास बंद आहे. जबाबदारी पेलण्याआधी थोडे थांबण्यात प्राण्याचे आणि निसर्गाचेही हित आहे.