पातेरा सगळाच भाजावळीला नेऊ नका!



फणसाखाली पिवळी पानं, देशी बदामाखाली लालभडक, सावरीखाली फुलांचा सडा. भाजावळीसाठी घरोघर पातेरा गोळा होतो आहे. विनंती एवढीच, की त्यातले दोन हारे शाळेसाठी राखून ठेवा. फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी सकाळी 8 वाजता पहिली ते चौथीची मुलं त्याची चित्रं शाळेच्या अंगणात मांडणार आहेत. सरकारचा ‘आनंददायी शनिवार’ आहेच, तो आपण असा घालवू.

गोंद, चमकी, थर्माकोल काही नको. मागच्या स्नेहसंमेलनाला आम्हीच थर्माकोलची कमान केली होती. तिचे दाणे अजून कुंपणाच्या निवडुंगात अडकलेत. आता जांभ्याचे खडे, शिंपल्या, करवंट्या, पोफळीच्या विऱ्या एवढ्यावर भागवू. परवा तालीम म्हणून दुसरीच्या मुलांनी बदामाची पानं हिरव्यापासून लालपर्यंत ओळीने लावली. एकीने मधोमध किडीने जाळी केलेलं पान ठेवलं. का गं, विचारलं, तर म्हणाली, “यातून ऊन खाली पडतं ना!” गुरुजींना हे सुचलं नसतं.

आजी-आजोबांनी तर यायलाच हवं. माडाच्या पातीचं घड्याळ, फणसाच्या पानाचा बैल, हिराने टोचलेले द्रोण आम्हा मास्तरांपैकी एकालाही धड जमत नाहीत, आणि मोबाईलवर बघून ते हाताला येत नाहीत.

पानं गळलेलीच आणा, झाडावरची ओरबाडू नका. दसऱ्याला आपट्याचं आपण जे करतो तेवढं पुरे. गुंजा, कण्हेर आणि रुई मुलांच्या हाती लागू देऊ नका. गुंजेची बी दिसायला देखणी, पण विषारी. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर भारी पडतो. खाजकुयलीच्या शेंगा सध्या सुकल्यात, त्यांच्या बाजूलाही जाऊ नका. ओल्या काजूबिया नकोत, तेलाने कातडी भाजते. ढिगात विंचू असतो, म्हणून हारा भरण्याआधी पातेरा काठीने हलवून घ्या.

चित्रं दोन दिवस तशीच राहतील. वाऱ्याने विस्कटली तर विस्कटू देत. मंगळवारी ज्याचा पातेरा त्याने परत न्यावा, भाजावळ चुकायची नाही.

गळलेल्या झावळ्या तोडायला कोयता लागेल. तो मोठ्यांनीच आणावा आणि मोठ्यांच्याच हाती राहावा.

आपले,
शिक्षक व शाळा व्यवस्थापन समिती