केळापूरचे पाणी आणि स्फटिकांची जाळी

धातूंचे अणू आणि सेंद्रिय रेणू यांच्या गुंफणीतून उभी राहणारी, आतून पोकळ आणि सर्वांगी छिद्रमय अशी स्फटिकांची जाळी घडविल्याबद्दल २०२५ सालच्या ऑक्टोबरात ज्या तिघा शास्त्रज्ञांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, त्या सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर यागी यांची नावे यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर किंवा झरी-जामणी तालुक्यातल्या एखाद्या कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, कोणाच्या कानी गेली असतील असे मानण्याचे कारण नाही; आणि त्यात त्या पोडाचा काही दोषही नाही. परंतु या संशोधनाचा ज्या प्रश्नांशी संबंध पोहोचतो त्यांपैकी एक प्रश्न अशा पोडांवरच्या हातपंपांतून रोज भांडी भरभरून घरात येत असतो, आणि त्याची दाद मागावी तर कोणत्या कचेरीत मागावी, हे तेथील माणसाला कोणी नीट सांगितलेले नाही.

हा प्रश्न फ्लोराइडचा. रसायनांनी होणारी बाधा म्हटली की या जिल्ह्याच्या संदर्भात आपल्याला २०१७ सालचे कीटकनाशक फवारणीचे बळी आठवतात, आणि ते आठवलेच पाहिजेत. पण ती बाधा डबाबंद होती, तिला उत्पादक होता, विक्रेता होता, म्हणून चौकशी समिती नेमता आली. फ्लोराइडचा उत्पादक खडक आहे आणि त्याच्यावर समन्स बजावता येत नाही. भारतीय मानक ब्यूरोने पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड ग्राह्य मानले असून अन्य उद्भव नसेल तेथे १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा दिली आहे. केळापूर तालुक्यातील पांढरकवडा परिसरातील भूजलाचा जो अभ्यास २००७ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, त्यात हे प्रमाण ०.३० पासून थेट १३.४१ मिलिग्रॅमपर्यंत आढळल्याची नोंद आहे. अशा पाण्याला रंग नसतो, वास नसतो, आणि जिभेलाही त्यात काही वावगे लागत नाही. ते मुलांच्या कायमच्या दातांवर, ते दात हिरड्यांखाली घडत असतानाच, पिवळे-तपकिरी पट्टे उमटवते; आणि वर्षानुवर्षे पोटात जात राहिले तर सांधे धरतात, कणा ताठरतो, आणि एकदा हाडांत मुरलेली ही व्याधी कोणत्याही औषधाने उलटत नाही.

पाण्यात हे येते कोठून, याचे उत्तर भूगर्भात आहे. जिल्ह्याचा बराच भाग दख्खनच्या काळ्या कातळाने व्यापलेला असला तरी पूर्वेकडे, केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, वणी या पट्ट्यात, त्याहून कितीतरी जुने चुनखडक, शेल आणि वालुकाश्म उघडे पडतात. या थरांत खोलवर दीर्घकाळ मुरलेले पाणी वाटेत आपल्यातले कॅल्शियम मातीच्या कणांना देऊन त्यांच्याकडून सोडियम घेते आणि अल्कधर्मी बनते. फ्लोराइडला घट्ट धरून साक्याच्या रूपाने खाली बसविणारे द्रव्य म्हणजे कॅल्शियम. तेच निघून गेले की फ्लोराइडला पाण्यात मोकळे रान मिळते. येथे निसर्गाचा एक कुत्सित विनोद आहे: असे मृदू पाणी साबणाला उत्तम फेस आणते, त्यात डाळ लवकर शिजते, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून गृहिणीने पाण्याची जी कसोटी ठरविली, तिला ते पुष्कळदा शेजारच्या निर्दोष पण जड पाण्यापेक्षा अधिक उतरते.

उघड्या विहिरीतले पाणी दरवर्षी पावसाने पातळ होते. खोल बोअरच्या पाण्याला ते भाग्य त्या मानाने कमीच लाभते, आणि उन्हाळा अखेरीस फ्लोराइडचे प्रमाण चढलेले आढळते. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात बोअर खोदण्याचा जो सपाटा सुरू झाला, ज्यात जालना आणि सोलापूर येथे घडलेल्या मजबूत हातपंपांनी पुढे अवघ्या देशाला नमुना पुरविला, त्या उद्योगाला आज दूषणे देणे कृतघ्नपणाचे होईल. कारण त्याच पंपांनी पायऱ्यांच्या विहिरींतला नारू हटविण्यास मोठा हातभार लावला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. परंतु जंतूंपासून वाचण्यासाठी आपण जितके खोल गेलो, तितके खडकाच्या अधीन झालो, हेही तितकेच खरे. आणि बोअरला पाणी लागले की काम फत्ते, असे मानणाऱ्या खात्याच्या दप्तरात पाण्याच्या रासायनिक गुणाचा रकाना बराच काळ दुय्यमच राहिला.

इलाज नव्हता असे मात्र नाही. यवतमाळहून काही तासांच्या अंतरावर, नागपूर येथे १९५८ साली स्थापन झालेल्या आणि पुढे ‘नीरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने तुरटी आणि चुना यांच्या योगे फ्लोराइड खाली बसविण्याची, नळगोंडा जिल्ह्याच्या नावाने प्रसिद्ध झालेली पद्धत कित्येक दशकांपूर्वीच सिद्ध केली होती. ती स्वस्त आहे, तिची सामग्री बाजारपेठेच्या कोणत्याही गावी मिळते. पण तुरटीची मात्रा पाण्याच्या क्षारांप्रमाणे बदलावी लागते, चुकली तर अ‍ॅल्युमिनियम पाण्यात उतरते, आणि रोज साचणारा गाळ कोठे टाकावा याची तजवीज करावी लागते. नुसत्या चुन्याने भागेल म्हणावे, तर कॅल्शियम फ्लोराइड स्वतःच पाण्यात थोडे विरघळत असल्यामुळे लिटरमागे सातआठ मिलिग्रॅमच्या खाली ती मात्रा चालत नाही. दुसरा उपाय सक्रिय अ‍ॅल्युमिनाचा: त्याच्या दाण्यांच्या थरातून पाणी झिरपवले की दाण्यांच्या पृष्ठभागावर फ्लोराइड चिकटून राहते. परंतु या पदार्थाचा खरा पराक्रम किंचित आम्ल पाण्यात दिसतो, आणि पांढरकवड्याचे पाणी आहे अल्कधर्मी. शिवाय काही महिन्यांत दाणे भरले की त्यांना दाहक सोडा आणि आम्ल यांनी धुऊन ताजे करावे लागते. हे काम तांत्रिक आहे आणि कंटाळवाणे आहे. संयंत्र बसविण्यासाठी जी तरतूद मंजूर होते, तीत या कंटाळवाण्या कामाच्या पगाराचा आकडा सहसा शोधून सापडत नाही.

या पार्श्वभूमीवर त्या स्फटिकजाळ्यांचे कौतुक पाहावे. मेलबर्नच्या विद्यापीठात १९७४ साली विद्यार्थ्यांना रेणूंची रचना समजावून देण्यासाठी लाकडी गोळे आणि दांड्या तयार करून घेत असता रॉबसन यांच्या ध्यानात आले की गोळ्यांना भोके कोठे पाडावयाची हे एकदा नीट ठरविले म्हणजे जोडणाऱ्याने डोके न चालवताही नेमका आकार आपोआप उभा राहतो. आणि ही साधी दिसणारी कल्पना मनात दहा वर्षांहून अधिक काळ बाळगून त्यांनी १९८९ साली तांब्याचे अणू आणि चार भुजांचे रेणू यांतून पहिली पोकळ जाळी प्रसिद्ध केली. ती ठिसूळ होती. कितागावा यांनी अशा जाळ्यांतून वायूची ये-जा होऊ शकते हे दाखविले, तर यागी यांनी १९९९ साली अशी टिकाऊ जाळी बनविली, की तिच्या दोनतीन ग्रॅम चूर्णातील पोकळ्यांचा अंतर्गत पृष्ठभाग फुटबॉलच्या मैदानाएवढा भरतो. अम्मान येथील निर्वासित कुटुंबात, नळाला रोज पाणी येण्याची शाश्वती नसलेल्या घरात वाढलेल्या या गृहस्थाने पुढे अशाच जाळीच्या साहाय्याने अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातील कोरड्या हवेतून पिण्याचे पाणी काढून दाखवावे, हा योगायोग मला पारितोषिकाहून अधिक मोलाचा वाटतो.

फ्लोराइडपर्यंत ही विद्या येऊन पोहोचली आहेच. अ‍ॅल्युमिनियम आणि फ्युमारिक आम्ल यांच्यापासून बनणारी एक जाळी फ्लोराइड विलक्षण प्रमाणात शोषून घेते असे खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी जर्मन सहकाऱ्यांसमवेत २०१६ साली प्रसिद्ध केले. झिर्कोनियमच्या जाळ्यांवरही असेच काम झाले आहे. जुन्या अ‍ॅल्युमिनाशी तुलना करता हे आकडे डोळे दिपविणारे आहेत. तथापि माझा आक्षेप आहे तो या आकड्यांना जे एकछत्री राज्य मिळाले आहे त्याच्यावर. एक ग्रॅम पदार्थ किती मिलिग्रॅम फ्लोराइड शोषतो, हा आकडा बहुधा शुद्ध पाण्यात मोजूनमापून फ्लोराइड घालून, आणि तेही विहिरीत कधी आढळणार नाही इतक्या भरघोस प्रमाणात घालून काढलेला असतो. खऱ्या पाण्यातले बायकार्बोनेट, सिलिका, फॉस्फेट त्या जागांवर आपापला हक्क सांगू लागले की पराक्रमाचा मोठा भाग ओसरतो. दरवर्षी नवनव्या शोषकांवर निबंध निघतात, प्रत्येक निबंध मागच्याहून चार मिलिग्रॅम पुढे असतो, आणि बढतीच्या अर्जाला जोडलेल्या यादीत त्याची भर पडते. शोषून झाल्यावर काय, या प्रश्नाला त्यांतल्या पुष्कळांत एखादा परिच्छेदच येतो. वस्तुतः फ्लोरिन हे मूलद्रव्य आहे, त्याचा नाश कोणत्याही जाळीने होत नाही, ते फक्त पाण्यातून काढून दुसरीकडे ठेवले जाते, आणि ते ‘दुसरीकडे’ म्हणजे ओढ्याचा काठ असेल तर केवळ स्थलांतराचा खर्च आपण केला.

मूलभूत संशोधनाला तात्काळ उपयोगाचा जाब विचारू नये, हे मला मान्य आहे. रॉबसन यांच्या लाकडी गोळ्यांना कोणी उपयोग विचारला असता तर आज ही जाळी नसती. पण जो संशोधक आपल्या अर्जाच्या पहिल्याच वाक्यात फ्लोरोसिसग्रस्त ग्रामीण जनतेचा दाखला देऊन सार्वजनिक निधी मिळवतो, त्याने त्या जनतेच्या पाण्याला सामोरे गेले पाहिजे. अमरावती आणि नागपूर येथील विद्यापीठे आणि नीरी यांनी मिळून केळापूर आणि झरी-जामणी येथील काही ठरावीक उद्भव परीक्षेसाठी नेमून द्यावेत. पाणी शुद्ध करण्याच्या नावाने अनुदान घेणाऱ्या प्रत्येक नव्या पदार्थाने, अनुदानाचा पुढचा हप्ता उचलण्यापूर्वी, त्या पाण्यावर उन्हाळा आणि पावसाळा धरून एक पूर्ण वर्ष काढावे. आणि अहवालात मिलिग्रॅमबरोबर तीन गोष्टी नमूद असाव्यात: हजार लिटरला पडलेला खर्च, पदार्थ ताजा करण्याचे काम कोणी केले, आणि निघालेला गाळ कोठे गेला. हे अशक्य नाही. मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत टी. प्रदीप यांनी लोहाच्या संयुगाच्या अतिसूक्ष्म कणांचे ‘अमृत’ नावाचे जे गाळप सिद्ध केले, ते आर्सेनिकबाधित गावांपर्यंत जाऊन पोहोचले आहे. त्याचे कारण केवळ कणांची सूक्ष्मता नव्हे, तर गावचे पाणी प्रयोगशाळेत येऊ देण्याची तयारी हेही आहे.

तोवर जुने उपायच कामी आणावे लागतील आणि त्यांत कमीपणा नाही. जेथे शक्य तेथे नदी-प्रकल्पाचे पाणी, नसेल तेथे उथळ विहिरीचे निर्जंतुक केलेले पाणी, आणि बोअरचे पाणी केवळ धुण्या-भांड्यांसाठी, इतकी विभागणीसुद्धा मुलांचे दात वाचवू शकते. त्यासाठी कोणता पंप निर्दोष आणि कोणता सदोष, हे मात्र कळले पाहिजे. जलजीवन मिशनच्या नियमांनुसार प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याचे शिक्षण आणि तपासणी संच देण्याची व्यवस्था आहे. तो संच आपल्या गावी आला काय आणि आला असल्यास कपाटात आहे की वापरात, याची चौकशी पूर्वेकडील तालुक्यांतल्या वाचकांनी पुढच्या ग्रामसभेत अवश्य करावी, फ्लोराइडचा आकडा तपासणीच्या तारखेसह प्रत्येक हातपंपावर रंगवून घेण्याचा ठराव मांडावा, आणि मे महिन्यातल्या तपासणीचा आग्रह धरावा. कारण ऑक्टोबरातला आकडा पावसाने खुलविलेला असतो.