रडणारे मूल आणि शेजारचा प्रवासी

दिल्लीत नोकरी-व्यवसायानिमित्त स्थायिक झालेली मराठी कुटुंबे पूर्वी गावी निघाली, की झेलम एक्सप्रेससारख्या गाडीने निघत. दिवसरात्रीच्या त्या प्रवासात तान्हे मूल डब्यातल्या सर्वांचेच होई. ते रडू लागले, की समोरच्या आजी त्याला मांडीवर घेत. कोणी खुळखुळा वाजवी, कोणी खिडकीतून धावती झाडे दाखवी. आज यांतील अनेक कुटुंबे इंदिरा गांधी विमानतळावरून सुमारे दोन तासांत पुणे गाठतात. प्रवास सुखाचा झाला. पण त्या दोन तासांत मूल रडले, तर ते एकट्या आईचे ठरते. कोणी कपाळाला आठ्या घालतो, तर कोणी 'एवढ्या लहानग्याला घेऊन निघावेच कशाला?' असे पुटपुटतो.

मूल का रडते, हे आधी समजून घेतले पाहिजे. विमान उतरू लागले, की आतील हवेचा दाब वाढत जातो. मध्यकर्ण आणि घसा यांना जोडणारी एक बारीक नलिका असते. आपण आवंढा गिळतो किंवा जांभई देतो, तेव्हा ती उघडते आणि कानाच्या पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. तान्ह्या बाळाची ही नलिका अरुंद असते आणि मुद्दाम आवंढा गिळणे त्याला उमगत नाही. कान दुखतो, म्हणून ते रडते. अशा वेळी त्याला दूध पाजणे हा सोपा उपाय आहे. कारण दूध गिळताना नलिका उघडते.

परंतु नेमके हेच करताना आईला संकोच वाटतो. कारण भोवतालच्या नजरा. हा प्रश्न केवळ विमानापुरता नाही. सार्वजनिक ठिकाणी स्तनपानासाठी स्वतंत्र कक्ष असावेत, अशी मागणी करणारी याचिका 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दाखल झाली, तीही नऊ महिन्यांच्या बाळाच्या नावाने! पुढे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच विषयावरील एका प्रकरणात, सार्वजनिक ठिकाणच्या स्तनपानाकडे हीन दृष्टीने पाहू नये, असे बजावले. स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडून देणे हे संविधानाच्या कलम 51क नुसार प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे, याचीही न्यायालयाने आठवण करून दिली.

'आम्हीही तिकिटाचे पैसे मोजले आहेत. आम्हाला शांतता नको का?' असे कोणी विचारील. हा प्रश्न अगदीच चुकीचा नाही. समजत्या वयाचे मूल पुढच्या आसनाला लाथा मारत असेल, तर त्याला आवरणे हे पालकांचे कामच आहे. मात्र खोडी आणि वेदना यांत फरक केला पाहिजे. तिकिटाने आपल्याला आसन मिळते; इतरांच्या दुःखापासून सुटका मिळत नाही.

कक्ष बांधणे हे शासनाचे काम आहे. नजर बदलणे हे मात्र आपले. शेजारच्या आईची पिशवी वर ठेवून देणे, 'असू द्या, आमचीही अशीच रडत' असे दोन शब्द बोलणे, निदान तिच्याकडे रोखून न पाहणे, यासाठी काही खर्च पडत नाही. आपणही कधीकाळी कोणाच्या तरी मांडीवर असेच रडलो आहोत आणि तेव्हा कोणीतरी ते सोसले आहे. ते ऋण फेडण्याची संधी म्हणजे शेजारचे रडणारे मूल होय.