विश्लेषण : लहान वर्कशॉपसाठी सीएनसी मिलिंग मशीन निवडताना काय पाहावे?

भोसरी, अंबड, वाळूज किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या गाळ्यात पहिले व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलचे सीएनसी मिलिंग मशीन, येते तेव्हा पेढे वाटले जातात. पुढच्या महिन्यापासून हप्ता सुरू होतो आणि तो साधारण पाच वर्षे चालतो. एवढा मोठा निर्णय अनेकदा शेजारच्या गाळ्यातले मशीन पाहून, प्रदर्शनातील सवलतीला भुलून किंवा माहितीपत्रकातील मोठ्या आकड्यांवरून घेतला जातो. मशीन चुकले तर ते सहजासहजी परत करता येत नाही. म्हणूनच निवडीची सुरुवात मशीनपासून नव्हे, तर हातातील कामापासून व्हायला हवी.

कामाचा हिशेब कसा मांडावा?

गेल्या वर्षभरात केलेल्या आणि बाहेर जॉबवर्कला दिलेल्या कामांची ड्रॉइंग्ज एकत्र काढावीत. प्रत्येकासमोर चार गोष्टी लिहाव्यात : धातू कोणता, सर्वांत मोठे माप किती, सर्वांत कडक टॉलरन्स किती आणि एका लॉटमध्ये नग किती. या एका कागदावरून टेबलाचा आकार, स्पिंडल, टूल चेंजरमधील जागा आणि चौथ्या अक्षाची गरज यांची बरीचशी उत्तरे मिळतात. बाहेर दिलेले काम महिन्याला मोजक्या तासांचेच निघाले, तर ते बाहेरच देत राहणे अधिक शहाणपणाचे.

स्पिंडलचा वेग जास्त म्हणजे मशीन चांगले?

तसे नाही. कोल्हापूर परिसरातील फाउंड्रीचे बिडाचे कास्टिंग ६३ मिलिमीटरच्या फेस मिलने, मिनिटाला १५० मीटर कटिंग स्पीडने कापायचे झाल्यास स्पिंडल मिनिटाला सुमारे ७६० फेऱ्यांनी फिरते. तिथे १२ हजार फेऱ्यांचे स्पिंडल घेऊन काही साधत नाही. तिथे लागतो तो कमी वेगातील टॉर्क. ७.५ किलोवॉटच्या मोटरची पूर्ण शक्ती १५०० फेऱ्यांपासून पुढे मिळत असेल, तर ७६० फेऱ्यांना हाती जेमतेम निम्मी शक्ती येते. त्यामुळे विक्रेत्याकडून केवळ किलोवॉटचा आकडा न घेता टॉर्कचा आलेख मागावा. याउलट ॲल्युमिनियममध्ये १२ मिलिमीटरचे एंडमिल ३०० मीटरने चालवायचे तर सुमारे ८ हजार फेऱ्या लागतात, टूल त्याहून बारीक झाले की आणखी जास्त. तिथे वेगासाठी मोजलेले पैसे वसूल होतात.

टेपरचेही तसेच. हलक्या, वेगवान कामाला आणि ड्रिलिंग-टॅपिंगला बीटी-३० पुरते, तर मिश्र जॉबवर्क करणाऱ्या शॉपला बीटी-४० सोयीचे पडते. पोलादात आणि बिडात खोल कट घ्यायचे असतील तर बॉक्स वे मार्ग दणकट ठरतात. हलके कट आणि कमी सायकल टाइम हवा असेल तर एलएम गाइड बरे.

मायक्रॉनच्या आकड्यांवर किती विसंबावे?

माहितीपत्रकातील अचूकता कोणत्या मानकानुसार मोजली आहे, हे आधी विचारावे. वेगवेगळ्या पद्धतींनी मोजलेल्या आकड्यांची तुलना फसवी असते. दुसरा प्रश्न शेडचा. पोलाद तापमानाच्या प्रत्येक अंशाला मीटरमागे साधारण ११ ते १२ मायक्रॉनने वाढते. पत्र्याच्या शेडमध्ये सकाळ आणि दुपार यांत १० अंशांचा फरक पडला, तर ३०० मिलिमीटरचा जॉब सुमारे ३५ मायक्रॉनने बदलतो. ॲल्युमिनियममध्ये हा बदल जवळपास दुप्पट असतो. ५ मायक्रॉनच्या मशीनसाठी जादा लाख मोजण्याआधी छताला उष्णतारोधक थर, पक्का पाया आणि स्थिर वीजपुरवठा यांवर खर्च करणे अनेक शॉपना अधिक फायद्याचे ठरेल.

उद्याच्या कामासाठी मोठे मशीन आजच घ्यावे का?

या युक्तिवादात तथ्य आहे. मोठ्या टेबलावर दोन-तीन व्हाइस बसतात, एकाच वेळी अधिक जॉब लागतात आणि ऑपरेटरची धावपळ वाचते. पण हा फायदा लॉटच्या कामात मिळतो. हातात एकही ऑर्डर नसताना ‘मोठे काम येईल’ या आशेवर घेतलेले मशीन जागा, वीज आणि हप्ता आजपासूनच खाते. मधला मार्ग असा की टेबल गरजेपुरते घ्यावे, पण नंतर चौथा अक्ष जोडता येईल अशी वायरिंग आणि ड्राइव्हची सोय आधीच मागून घ्यावी.

खरी किंमत कशी काढावी?

उदाहरणादाखल ३० लाखांचे कर्ज ११ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ६५ हजार रुपये येतो. महिन्याला मशीन १२० तास प्रत्यक्ष कापत असेल, तर नुसत्या हप्त्याचा भार तासाला ५४० रुपयांच्या आसपास पडतो. २४० तास कापले तर तो निम्मा होतो. टूल, होल्डर, व्हाइस, फिक्स्चर, कॉम्प्रेसर, कॅम सॉफ्टवेअर, वीज आणि सेटरचा पगार यांचा खर्च वेगळाच. त्यामुळे मशीन दोन लाखांनी स्वस्त मिळाले यापेक्षा ते महिन्याला किती तास चालेल, हा प्रश्न मोठा आहे.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीच्या क्रेडिट गॅरंटी योजनेतील कर्जाची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ५ कोटींवरून १० कोटी रुपये झाली आहे. त्यामुळे घर तारण ठेवण्याआधी बँकेत या योजनेची चौकशी जरूर करावी. मात्र ही हमी बँकेला असते, कर्ज उद्योजकालाच फेडायचे असते. एमएसएमईडी कायदा २००६ नुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत. प्रत्यक्षात उधारी लांबते आणि हप्ता थांबत नाही. म्हणून किमान तीन-चार हप्त्यांची रक्कम बाजूला ठेवूनच खरेदीची ऑर्डर द्यावी.

सेवा आणि जुने मशीन यांचे काय?

बंद मशीनचा हप्ता चालूच राहतो. सेवा अभियंता कोणत्या शहरात बसतो, स्पिंडल आणि ड्राइव्ह किती दिवसांत मिळतात, हे विक्रेत्याला नव्हे तर तेच मशीन दोन-तीन वर्षे चालवणाऱ्या शॉपला विचारावे. कंट्रोलर असा निवडावा, ज्यावर काम करणारा सेटर त्या वसाहतीत सहज मिळेल.

वापरलेले मशीन वाईट नसते, मात्र ते कटिंग करताना पाहावे. टेस्ट बार लावून स्पिंडलचा रनआउट मोजावा, बॉलबार चाचणी मागावी, कंट्रोलरचे सुटे भाग अजून मिळतात का याची खात्री करावी आणि पॅरामीटरचा बॅकअप ताब्यात घ्यावा.

नव्या मशीनबाबतही शेवटची कसोटी तीच. आपला सर्वांत अवघड जॉब आणि ड्रॉइंग विक्रेत्याकडे न्यावे, समोर सलग काही नग काढून घ्यावेत आणि ते आपल्याच मापन साधनांनी तपासावेत. त्याला तयार नसलेल्या विक्रेत्याला आगाऊ रक्कम देण्याची घाई करू नये. लहान शॉपसाठी सर्वोत्तम मशीन ते, जे तिथल्या कामाने भरलेले राहते आणि बिघडले तर लवकर उभे राहते.