स्मोक्ड टेललाइट भारी दिसतात, असं कोण म्हणतं?

साक्रीत हायवेच्या कडेला गाड्या सजवून देणारी दुकानं आहेत. सीट कव्हर, मोठ्या आवाजाचे हॉर्न, काचेवर लावायची नावं, सगळं मिळतं. आपली पोरं तिथे आणखी एक काम करून घेतात. मागच्या लाल दिव्यांवर काळी फिल्म. याला म्हणायचं 'स्मोक्ड'. इन्स्टावर रील टाकायची, खाली आगीचे इमोजी.

मीही माझ्या जुन्या स्विफ्टला ही फिल्म लावली होती. तेव्हा हे काही कोणा साधूचं प्रवचन नाही.

आधी एक गोष्ट कबूल करतो. मागच्या दिव्याने गाडीचं रूप बदलतं, आणि बरंच बदलतं. "दिसण्याचं काय घेऊन बसलात, सेफ्टी बघा" म्हणणाऱ्या काकांच्या पक्षात मी नाही. सुरत-धुळे रस्त्यावर राहणारा माणूस गाड्या मागूनच ओळखायला शिकतो. समोरून येणारी गाडी दोन सेकंदांत निघून जाते, रात्री तर तिच्या हेडलाइटने डोळेच दिपतात. पण दहिवेलच्या पुढे कोंडाईबारीचा घाट लागला, की पुढची गाडी पंधरा-पंधरा मिनिटं तुमच्यासमोर असते. तिचा चेहरा म्हणजे ते दोन लाल दिवे.

इंडिका आठवा. पुण्यात बनलेली ही गाडी १९९८ साली आली. तिच्या डिझाइनमध्ये इटलीतल्या तुरिनच्या 'आयडिया' या संस्थेचा हात होता. दिवे मागच्या खांबावर उभे चढवलेले. त्यामुळे डिक्कीचं दार चांगलं रुंद करता आलं, आणि छोटी गाडी उंच, ऐसपैस वाटायला लागली. २००२ च्या स्कॉर्पिओलाही असेच उभे दिवे, काचेच्या बाजूने वर गेलेले. उभा दिवा गाडीला उंची देतो, आडवा दिवा रुंदी देतो. म्हणून आता ज्याला त्याला ती आडवी पट्टी पाहिजे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नेक्सॉनला २०२३ मध्ये आली, क्रेटाला २०२४ मध्ये. गाडी रुंद वाटते, रस्त्याला चिकटून बसल्यासारखी वाटते. पट्टी वाईट नाही. पण सगळ्यांनीच लावली तर रात्री कुठली गाडी कोणाची, हे ओळखायचं कसं? आमच्याकडे दोनशे मीटरवरून स्कॉर्पिओ ओळखणारी पोरं होती. आता त्यांनाही जवळ जावं लागतं.

ही पट्टी शक्य झाली ती एलईडीमुळे. जुन्या दिव्यात एकाच बल्बमध्ये दोन तारा असायच्या: पाच वॅटची नेहमीसाठी, एकवीस वॅटची ब्रेकसाठी. त्या बल्बला मागे वाटीसारखा खोल आरसा लागायचा, म्हणून दिवा जाडजूडच असायचा. एलईडीला तेवढी खोली लागत नाही. शिवाय ती लगेच पेटते. बल्बची तार पूर्ण तापायला सेकंदाचा पाचवा भाग जातो. ताशी नव्वदच्या वेगात तेवढ्यात मागची गाडी पाच मीटर पुढे सरकते. नवं ते सगळं वाईट, असं म्हणणाऱ्यांनी हे पाच मीटर लक्षात ठेवावेत.

मग काळी फिल्म भारी का वाटते? गाडीच्या मागच्या बाजूला लाल रंगाचे दोन तुकडे असतात, त्यामुळे पत्रा तुटल्यासारखा दिसतो. ते तुकडे काळे केले की काच, दिवा, बंपर सगळं एकसंध होतं. गाडी रागीट वाटते. दुकानात उभ्या गाडीवर, दुपारच्या उन्हात, हे खरंच छान दिसतं.

घोळ इथेच आहे. उभ्या गाडीवर, दुपारच्या उन्हात. म्हणजे ज्या वेळी त्या दिव्याला काहीच काम नसतं त्या वेळी. संध्याकाळी तो पेटला की लालचा विटकरी होतो, विझत आलेल्या विडीसारखा. ज्याला पेटल्यावर रूप नाही त्या दिव्याला सुंदर म्हणायचं कसं? मी फिल्मला धोकादायक म्हणायच्या आधी कुरूप म्हणतो.

आणि हे कळायला मला एका माणसाचा हात मोडावा लागला. डिसेंबरची संध्याकाळ होती, मी धुळ्याहून येत होतो. नेर सोडल्यावर पुढे एक ट्रॅक्टर वळत होता, म्हणून ब्रेक दाबला. मागून दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल येऊन धडकली. मी उतरलो तो आधी त्याच्यावरच ओरडलो. तो रस्त्यावर बसला होता, मनगट धरून. म्हणाला, "माले दिखनंच नही, भो." मला वाटलं, बहाणा करतोय. मग मी वळून माझ्याच गाडीकडे पाहिलं. घरचे ब्रेकवर पाय ठेवून बसले होते, आणि दिवा पेटलाय की नाही हे मलाच ओळखू येत नव्हतं.

गाडी चालवताना जो भाग मालकाला कधीच दिसत नाही, तो मागचा दिवा. तो दुसऱ्यासाठी असतो: मागच्या दूधवाल्यासाठी, ट्रकवाल्यासाठी. रात्री मागचा माणूस अंतर ओळखतो ते दोन दिव्यांमधल्या जागेवरून. ती जागा वाढत चालली की समजायचं, आपण जवळ जातोय. दिवेच अंधुक केले तर त्याच्या हातात काय उरलं?

कंपन्याही यातून सुटत नाहीत. किल्ली दाबली की मागचे दिवे नाचून दाखवतात, आणि जाहिरातीत तेच आधी. आणि काही गाड्यांचे इंडिकेटर खाली बंपरात ढकललेत, कारण वर पट्टीचं सौंदर्य बिघडतं. तिथे चिखल उडतो, गर्दीत मागच्याला दिसत नाही. पण शोरूममध्ये चिखल नसतो.

कायद्याचं म्हणाल तर तो आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत असा बदल करू देत नाही. १९८९ च्या केंद्रीय नियमांत मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे, असं लिहिलंय. काचांवरच्या काळ्या फिल्मवर सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्येच बंदी घातली. दिव्यांवरच्या फिल्मकडे मात्र आमच्या नाक्यावर कोणी मान वर करून बघत नाही. दंड बसेल म्हणून काढा, असं मी म्हणणार नाही. बसणार नाही, तुम्हालाही माहीत आहे.

फिल्म काढायच्या आधी मी ते १५५ मीटर मोजून पाहिले. संध्याकाळी गावाबाहेर गाडी उभी केली, चुलतभावाला आत बसवलं आणि दोनशे पावलं मागे चालत गेलो. मोबाइल कानाला लावून म्हटलं, "दाब ब्रेक."

काहीच दिसलं नाही.

"अरे, दाब ना."

"दाबेलच शे ना, दादा."

दुसऱ्या दिवशी घरच्या हेअर ड्रायरने फिल्म शेकून काढली. गोंद राहिला, तो रॉकेलने पुसायला आणखी दोन दिवस गेले.