हौसेचा हात आणि कामाचा हात

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या दिवाळीनंतर माझ्या उजव्या अंगठ्याला पट्टा बांधावा लागला. महाविद्यालयात भेटेल तो विचारी, "काय गं, पडलीस कुठे?" मी सांगे, "नाही, पिस्तुलाने झाले." की लगेच खसखस पिकायची. कुणी म्हणे, "कुणाला मारलेस?" कुणी म्हणे, "उलटा बार झाला वाटते!" पिस्तुलाने दुसऱ्याला इजा होते हे सर्वांना ठाऊक, धरणाऱ्याचाच हात दुखतो, हे कुणाला खरे वाटेना. त्या चेष्टेचा मला राग नाही. पण त्या पट्ट्याने मला जे शिकवले ते आपल्यापुढे मांडावे, म्हणून हा लेख. यात कुणाला उपदेशाचा वास आला तर क्षमा असावी.

आमच्या कोल्हापूर जिल्ह्याला नेमबाजी नवी नाही. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला रायफलमध्ये विश्वविजेती झाली. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाचे सुवर्णपदक आणले, आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलचे कांस्यपदक. तेव्हा खेड्यातल्या मुलीने जिमखान्यातले पिस्तूल हातात घेतले यात नवल काही नाही. मी मात्र पदकासाठी गेले नव्हते. हौस म्हणून गेले होते. आमच्या घरात हौस म्हणून काही करणारी मी पहिलीच. महाविद्यालयात येणारीही पहिलीच.

आमचे पिस्तूल हवेचे आहे. त्यात दारू नसते. दाबलेल्या हवेच्या जोरावर साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो. लक्ष्य दहा मीटरवर. त्याच्या मधले दहा गुणांचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढे. पिस्तूल एकाच हाताने आणि हात सरळ ताणून धरायचे, दुसऱ्या हाताचा आधार घ्यायचा नाही. वजन किलोच्या आसपास. चापाला नियमाप्रमाणे निदान ५०० ग्रॅमचा ताण असावा लागतो. स्पर्धेत ६० नेम. ऐकायला हे सोपे वाटते. पण नेम स्थिर झाला नाही तर चाप न ओढता हात खाली घ्यायचा आणि पुन्हा उचलायचा, असा शिरस्ता आहे. शिवाय छर्रे महाग, म्हणून छर्रा न भरता नुसता चाप ओढण्याचा कोरडा सराव. असे धरून मी दिवसाला दीडशे-दोनशे वेळा तरी तो किलोभर भार हातभर पुढे धरीत होते.

त्यात आणखी एक गोम होती. या पिस्तुलाच्या लाकडी मुठी लहान, मध्यम, मोठ्या अशा मापांत मिळतात. आमच्या जिमखान्यातली एकुलती एक मूठ मोठ्या मापाची. ती माझ्या पंजात नीट बसत नसे. अंगठा ताणून, मनगट वाकवून आणि गरजेपेक्षा जास्त आवळून मी ती धरीत असे. दुसऱ्याची वहाण घालून मैलभर चालावे आणि फोड आला की पायाला दोष द्यावा, तसा हा प्रकार. मी पायालाच दोष देत होते.

दुखणे सुरू झाले ते अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला. आधी फक्त सरावानंतर दुखे. मग बाटलीचे झाकण उघडताना. मग वेणी घालताना. पुढे चाचणी परीक्षेत तिसऱ्या प्रश्नाला पेन हातातून निसटला आणि इतिहासाचा पेपर अर्धा राहिला. तरीही मी कुणाला सांगितले नाही.

का सांगितले नाही, हे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. एक म्हणजे आंतरमहाविद्यालयीन निवड तोंडावर आली होती. दुसरे म्हणजे, "पोरीच्या जातीला पिस्तूल कशाला?" असे विचारणाऱ्या साऱ्या गावापुढे आबांनी मला परवानगी दिली होती, आता हात दुखतो म्हटले तर त्यांना तोंडघशी पाडल्यासारखे होईल. तिसरे आणि मोठे कारण हे, की दुखणे गिळणे म्हणजे शौर्य असे मला मनापासून वाटत होते. आमच्या सरांनी सराव सुरू करताना कारोली टाकाचची गोष्ट सांगितली होती. तीच डोक्यात बसली होती.

ती गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकली असेल. टाकाच हा हंगेरीच्या सैन्यातला नामांकित पिस्तूल नेमबाज. १९३८ साली सरावात हातबाँब हातातच फुटला आणि त्याचा उजवा हात कायमचा जायबंदी झाला. त्याने गुपचूप डाव्या हाताने सराव केला आणि १९३९ साली हंगेरीचे अजिंक्यपद मिळवले. महायुद्धामुळे १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिक झाली नाहीत. १९४८ साली लंडनला, वयाच्या ३८ व्या वर्षी, त्याने २५ मीटर जलद पिस्तुलात नव्या जागतिक विक्रमासह सुवर्णपदक जिंकले. १९५२ साली हेलसिंकीला पुन्हा तेच.

गोष्ट खरी आहे आणि मोठी आहे. पण आपण तिच्यातून काढतो ते तात्पर्य मला आता चुकीचे वाटते. आपण म्हणतो, पाहा, जखमेला तो बधला नाही. पण टाकाचने जखमी हाताने नेम धरला का? नाही. जो हात गेला तो गेला, हे त्याने कबूल केले आणि दुसऱ्या हाताला पहिल्यापासून शिकवले. त्याचा पराक्रम दुखणे नाकारण्यात नव्हता, ओळखण्यात होता. आपली राही सरनोबतही मध्यंतरी कोपराच्या दुखापतीने मागे पडली होती, सावरली, आणि मगच २०१८ चे सुवर्णपदक आले. आम्ही मात्र मधले सावरणे गाळतो आणि भाषणात फक्त पदक ठेवतो. मग माझ्यासारखी एखादी रुमालाखाली बाम चोळत नेम धरीत राहते.

शेवटी एका मैत्रिणीने ओढून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी यंत्र नाही लावले की काही नाही. म्हणाले, अंगठा मुठीत घे, बोटे त्यावर मीट, आणि मूठ करंगळीच्या बाजूला खाली वाकव. मी वाकवली आणि किंचाळले. एवढ्यावरून त्यांना समजले. अंगठा हलवणाऱ्या दोन शिरा मनगटापाशी एका अरुंद नळीतून जातात. तोच ताण पुन्हा पुन्हा पडला की ती नळी सुजून जाड होते आणि शिरांना आवळते. फ्रिट्झ द कर्व्हाँ या स्विस शल्यविशारदाने १८९५ साली त्याचे वर्णन केले, म्हणून दुखण्याला त्याचे नाव. पट्टा बांधा, पिस्तूल बंद, काही आठवडे विश्रांती. नाही थांबले तर इंजेक्शन, क्वचित शस्त्रक्रिया. जाता जाता डॉक्टर म्हणाले, "जुन्या इंग्रजी पुस्तकांत याला धोबिणीचा लचका म्हणत. कपडे पिळून पिळून होतो ना!"

त्या एका वाक्याने माझे डोके फिरले. घरी गेले. आई चुलीपुढे भाकरी थापत होती. पट्टा पाहून घाबरली. मी म्हटले, "आई, अंगठा मुठीत घे बघू. आता अशी खाली वाकव." तिने मूठ अर्धी वाकवली आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"कधीपासनं दुखतंय?"

"तुझा धाकला भाऊ अंगावर पीत हुता तवापासनं."

धाकटा आता अकरा वर्षांचा आहे.

"मग बोलली का न्हाईस?"

"बाईचा हात दुखायचाच की गं. त्याला काय दवाखाना?"

आई दोन म्हशींची धार काढते, अंगठा दुमडून, सकाळ-संध्याकाळ. दुसऱ्याच्या रानात भांगलणीला जाते. पाच माणसांचे कपडे पिळते. माझा हात हौसेने दुखला, तर काही महिन्यांत त्याला नाव मिळाले, पट्टा मिळाला, विश्रांती मिळाली. तिचा हात कामाने दुखला, तर अकरा वर्षांत त्याला साधे 'दुखणे' हे नावही मिळाले नाही. आणि ज्या 'सहनशक्ती'ला मी शौर्य समजत होते, ती मी रेंजवर शिकलेच नव्हते. ती मी चुलीपुढे शिकले होते. आईला निरुपायाने सोसावे लागले, मी ते कौतुकाने केले, एवढाच फरक.

कुणी म्हणेल, खेळ वेगळा, संसार वेगळा. हात घासल्याशिवाय घर चालत नाही. मान्य. मी आईला दवाखान्यात नेले तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला. एक दिवसाची मजुरी बुडाली. डॉक्टरांनी तिलाही विश्रांती सांगितली. आबा गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घालतात. हंगामात त्यांना घरी यायला रात्र होते. माझा हात पट्ट्यात. म्हशीला विश्रांती कोण समजावणार? अखेर धाकट्याने धार काढायला घेतली. पहिले आठ दिवस निम्मे दूध त्याच्या विजारीवर गेले. आता एक म्हैस त्याची आणि एक आईची. आई पट्टा रात्री बांधते, दिवसा काढून ठेवते. म्हणजे अर्धी विश्रांती. पूर्ण विश्रांतीची चिठ्ठी लिहिणे सोपे. ती पाळायला दुसरा हात लागतो, आणि गरिबाच्या घरात तो मोकळा नसतो. तरीही अर्धी विश्रांती ही अकरा वर्षांच्या शून्यापेक्षा बरी, असे माझे मत आहे.

आता आपल्या महाविद्यालयाविषयी. माझे मागणे फार नाही. जिमखान्याने लहान मापाची एक मूठ घ्यावी. चषकांच्या कपाटापेक्षा ती स्वस्त पडेल. सरावाच्या वहीत गुणांशेजारी आणखी एक रकाना असावा: "आज हात कसा आहे?" त्यात खरे लिहिणाऱ्याला निवडीत भित्रा समजू नये. परीक्षेच्या वेळी हात जायबंदी असेल तर कुणाकडे जायचे, काय अर्ज करायचा, हे वर्षारंभीच सूचनाफलकावर लावावे. माझ्यासारखीला ते घरी सांगणारे कुणी नसते. आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर पुढच्या वेळी खेड्यात जाईल तेव्हा झाडे जरूर लावावीत, पण बायकांना एकदा मूठही वाकवायला सांगावी. त्या परीक्षेला पैसा लागत नाही, विचारणारा लागतो.

मी आता पुन्हा सरावाला जाते. वीस नेम झाले की थांबते. निवड हुकली याचे वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? चापावर बोट ठेवताना शिकवतात, की ओढायचे नाही, हळूच दाबायचे, आणि हात हलला तर नेम सोडून द्यायचा. सोडून दिलेला नेम मोजला जात नाही. हात हलतो आहे हे कबूल करणारा नेमबाज या खेळात शहाणा समजला जातो. मग रेंजबाहेर, घरात आणि वर्गात, "माझा हात दुखतो" म्हणणाऱ्याला आपण कच्चा का समजावे?

आज घरी गेल्यावर आपल्या आईला एवढेच विचारा. उत्तर "काही नाही" असे येईल. दुसऱ्यांदा विचारा.